उसन्या जनुकाचे जालना

१९९५ साली केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने जालन्याच्या महिको कंपनीला अमेरिकेहून शंभर ग्रॅम सरकी आणण्याची परवानगी दिली. वाण होता कोकर-३१२. मराठवाड्याच्या काळ्या रानात तो जसाच्या तसा पेरून कुणाच्या हाती फारसे काही लागले नसते. मोल होते ते मोन्सॅन्टोने त्यात घातलेल्या एका जनुकाला. मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूकडून घेतलेले हे जनुक कपाशीच्या झाडातच एक प्रथिन तयार करते आणि ते पोटात गेलेली बोंडअळी मरते. पुढच्या काही वर्षांत महिकोने हे जनुक आपल्या संकरित वाणांच्या पालक वाणांत पिढ्यान्‌पिढ्या संकर करून उतरवले. २६ मार्च २००२ रोजी जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४ या तीन बीटी वाणांना मान्यता दिली. त्या सरकीबरोबर मालकीची एक नवी रचनाही जालन्यात आली. वाण एका कंपनीचा आणि त्याच्या पोटातला थर दुसरीचा, अशी ती रचना. नंतरची वीस वर्षे पाकिटाच्या भावावर रान पेटले, पण या रचनेकडे फार थोड्यांनी पाहिले.

संगणकाच्या धंद्यात ही रचना रोजची झाली आहे. एखादा प्रोग्राम शेकडो लोकांनी मिळून लिहिलेला असतो. त्याचा स्रोत खुला असतो, कुणीही तो घ्यावा, बदलावा, वाटावा. पण तो चालतो खालच्या एका थराच्या आधाराने, ज्याला रनटाइम म्हणतात, आणि त्या थराच्या किल्ल्या पुष्कळदा एखाद्या कंपनीकडे असतात. म्हणजे घर आपले आणि जागा भाडेपट्ट्याची. ओरॅकलने २०१० मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स विकत घेतली तेव्हा जावा ही संगणकभाषा आपल्या रनटाइमसह ओरॅकलच्या ताब्यात आली. जानेवारी २०१९ नंतर जावा-८ चे मोफत अपडेट व्यावसायिक वापरासाठी थांबले आणि एप्रिलमध्ये परवान्याच्या अटी बदलल्या. २०२१ मध्ये जावा-१७ बरोबर त्या पुन्हा सैल झाल्या. जानेवारी २०२३ पासून तर शुल्काची आकारणी कंपनीतल्या एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर ठरू लागली, मग त्यातले जावा वापरणारे चार असोत की चारशे. खेळ बनवण्याचे साधन पुरवणाऱ्या युनिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये दर इन्स्टॉलेशनमागे ‘रनटाइम शुल्क’ जाहीर केले आणि वर्षभराच्या गदारोळानंतर ते गुंडाळले. अशा बदलानंतर वरच्या प्रकल्पापुढे तीनच वाटा उरतात. मुकाट पैसे भरावेत, जुन्या आवृत्तीवर दुरुस्तीविना दिवस काढावेत, किंवा वेगळी शाखा काढून देखभाल स्वतःच्या अंगावर घ्यावी. जावाच्या बाबतीत तिसरी वाट खुली राहिली, कारण ओपनजेडीके हा तिचा स्रोत २००६-०७ पासूनच जीपीएल परवान्याखाली मोकळा झालेला होता. शिवाय दुरुस्त्या करणारे हातही तयार होते. ओपनजेडीकेच्या ८ आणि ११ या आवृत्त्यांच्या दुरुस्तीची धुरा २०१९ मध्ये रेड हॅटच्या लोकांनी उचलली. हक्क आणि हात, दोन्ही जुळले म्हणून ते निभावले.

जालन्याच्या बियाण्याने हीच परीक्षा दोनदा दिली आहे, एकदा बाजरीच्या शेतात आणि एकदा कपाशीच्या. पहिल्या वेळी खालच्या थराला रोग लागला तेव्हा तो दुरुस्त करण्याचा हक्क आणि दुरुस्ती करणारे हात, दोन्ही देशात होते. दुसऱ्या वेळी सरकारने थराचे शुल्क शेवटी शून्यावर आणून दाखवले, तरी दोन्हींपैकी काहीच हाती आले नाही. परवान्याचा तंटा हा मुळात देखभालीचा तंटा असतो. आपण तो फक्त भावाचा समजून लढलो आणि त्यात जिंकूनही हरलो, असे माझे म्हणणे आहे.

पहिल्या परीक्षेसाठी साठच्या दशकात जावे लागते. बद्रीनारायण बारवाले यांनी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या ‘पुसा सावनी’ भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली आणि १९६४ मध्ये जालन्यात महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजेच महिको, उभी केली. त्याच वर्षी ज्वारीचा सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण प्रसारित झाला. पुढच्या वर्षी बाजरीचा एचबी-१ आला, आणि १९६६ मध्ये बियाणे कायदा. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार बारवाल्यांना मिळाला तो खाजगी बियाणे उद्योग उभारल्याबद्दल, आणि ते श्रेय त्यांचेच आहे. पण हा उद्योग ज्या पायावर उभा राहिला तो पाया सार्वजनिक होता, हे त्या कौतुकात झाकले जाते. पुसा सावनी सरकारी संस्थेची. सीएसएच-१ सरकारी पैदासकारांनी रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने घडवलेला. या संकरांचे पालक वाण मागणाऱ्याला मिळत. पैदासकार बियाण्यापासून पायाभूत आणि पायाभूतपासून प्रमाणित, ही साखळी खुली होती. कंपनीने प्लॉट घ्यायचे, नर-मादीच्या ओळी लावायच्या, शेतकऱ्यांकडून बीजोत्पादन करून घ्यायचे आणि विकायचे. जालना आणि शेजारच्या बुलढाण्यातल्या देऊळगाव राजापर्यंतच्या पट्ट्यात बीजोत्पादनाचे जे कसब मुरले, त्याची मुळे या मोकळेपणात आहेत. महिकोनंतर बेजो शीतल, कलश, कृषिधन अशा कंपन्या याच जिल्ह्यात निघाल्या, तेव्हा त्यांना कसबी शेतकरी आयते मिळाले.

बाजरीची गोष्ट इथे सविस्तर सांगायला हवी. एचबी-१ आणि त्यानंतरच्या एचबी मालिकेतल्या संकरांची मादी एकच होती, टिफ्ट-२३ए. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथे ती घडली आणि भारतीय पैदासकारांना विनाअट मिळाली. हां हां म्हणता देशातली संकरित बाजरी या एका मादीवर उभी राहिली, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गोसावी म्हणजे केवडा रोगाने तिला गाठले. कणसांच्या जागी हिरव्या पानांचे झुबके आले. खालचा थर एकच असला की तो सगळ्यांचा एकदमच कोसळतो, हा धडा भारतीय शेतीला तेव्हाच मिळाला होता. पण त्यानंतर काय घडले ते पाहा. टिफ्ट-२३ कुणाच्या परवान्याखाली नव्हती. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तिच्यावर गॅमा किरणांचा मारा करून रोगाला तोंड देणारी ५०७१ए ही मादी काढली. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने, जी संस्था १९७२ मध्ये स्थापन झाली, त्याच कुळातून ८१ए काढली. कुणाची परवानगी मागावी लागली नाही, कुठल्या कंपनीच्या फायलीची वाट पाहावी लागली नाही. खाजगी पैदासकारही मागे नव्हते. महिकोचा स्वतःचा एमबीएच-११० हा बाजरीचा संकर ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात भरपूर पेरला गेला. दुरुस्ती अनेक ठिकाणी, अनेक हातांनी, एकाच वेळी चालू होती.

हा काळ सुवर्णयुग म्हणून रंगवण्यात मात्र अर्थ नाही. संकरित बियाण्यातच एक कुलूप असते. पहिल्या पिढीचा जोम दुसऱ्या पिढीत विस्कटतो, म्हणून शेतकऱ्याला दरवर्षी पाकीट घ्यावेच लागते. त्यामुळे तो मोकळेपणा शेतकऱ्याच्या वाट्याला अर्धाच आला. खरा मोकळेपणा बियाण्याच्या धंद्याचा आणि विद्यापीठांचा होता. कापसात हे विशेष दिसते. सुरतेला सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये संकर-४ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस काढला. मराठवाड्यात नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने काढलेल्या एनएचएच-४४ ने कोरडवाहू रानात आपले बस्तान बसवले. फूल फुलायच्या आदल्या संध्याकाळी हाताने पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या सकाळी परागीकरण करायचे, अशी मजुरीला जड असलेली ही बीजोत्पादनाची पद्धत. ती अंगवळणी पडली ती याच काळात. जगातले बहुतेक देश सरळ वाणांचा कापूस घेत असताना भारत संकरांकडे वळला होता. पुढे जनुक आले ते या कुलपात बसवले गेले, म्हणून ते इथे इतके घट्ट बसले.

१९९८ मध्ये मोन्सॅन्टोने महिकोचा २६ टक्के हिस्सा घेतला, आणि दोघांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत महिको मोन्सॅन्टो बायोटेक ही तिसरी कंपनी काढली. या तिसऱ्या कंपनीचे काम जनुकाचा परवाना इतर बियाणे कंपन्यांना देण्याचे. म्हणजे जालन्याची एक कंपनी एकाच वेळी परवाना घेणारीही होती आणि परवाना वाटणाऱ्या कंपनीची अर्धी मालकीणही. देशभरातल्या डझनावारी बियाणे कंपन्यांनी करार केले आणि आपापल्या संकरांत ‘बोलगार्ड’ या व्यापारी नावाचे हे जनुक घातले. २००६ मध्ये दोन जनुकांचे बोलगार्ड-२ आले. काही वर्षांतच हजाराहून अधिक बीटी संकर बाजारात होते, प्रत्येकाचे नाव वेगळे, पाकिटावरचे चित्र वेगळे, जाहिरातीतले बोंड आधीच्यापेक्षा मोठे. खालचा थर मात्र जवळपास सगळ्यांचा एकच. कृषी सेवा केंद्राच्या फळीवरची ही विविधता वरवरची होती, आणि टिफ्ट-२३ए चा अनुभव असलेल्या देशात ती कुणाला खटकू नये याचे नवल वाटते.

पहिल्या बोलगार्डचे भारतात पेटंट नव्हतेच. पेटंट होते ते दुसऱ्या जनुकाशी संबंधित, क्रमांक २१४४३६, मंजुरी २००८ ची. मग पहिली काही वर्षे परवाना कशाच्या बळावर वसूल झाला? मान्यतेच्या फायलीच्या. जैवसुरक्षेच्या चाचण्यांची सारी माहिती ज्याच्याकडे, त्याच्या संमतीशिवाय ते जनुक घातलेला वाण समितीपुढे उभाच राहू शकत नव्हता. २००१ मध्ये गुजरातेत ‘नवभारत १५१’ नावाने बिनमान्यतेचा बीटी कापूस सापडला. त्याला पेटंटाची नव्हे, तर पर्यावरण कायद्याची आडकाठी झाली. स्रोत खुला आहे की नाही हे केवळ पेटंटावरून ठरत नाही. चालवण्याचा हक्क आणखी कुठल्या कपाटात बंद आहे तेही पाहावे लागते. वकिलांनी आणि कार्यकर्त्यांनी पेटंटावर जितकी शाई खर्च केली, त्याच्या दशांशही या फायलीवर केली नाही.

यावर पहिला आक्षेप उघड आहे, आणि तो वजनदारही आहे. शेतकऱ्याला या तंत्राने फायदा झाला, मग मालकीचे पुराण कशाला? फायदा झाला, हे मान्यच केले पाहिजे. नव्वदच्या दशकात हिरव्या बोंडअळीने फवारण्यांना दाद देणे सोडले होते, आणि बीटीने तिला आवरले. २००२-०३ मध्ये देशाची रुईची उत्पादकता हेक्टरी ३०२ किलो होती, ती २००७-०८ मध्ये ५५४ किलो झाली. उत्पादन १३६ लाख गाठींवरून २०१३-१४ मध्ये ३९८ लाख गाठींवर गेले. यात नव्या कीटकनाशकांचा, खतांचा आणि गुजरातेतल्या पाण्याचाही वाटा होता, पण बीटीचा नव्हता असे म्हणणे हटवादीपणा ठरेल. लोक महागडे पाकीट रांगेत उभे राहून घेत होते ते भुलून नव्हे. मात्र फायदा आणि अवलंबित्व एकमेकांच्या आड येत नाहीत, उलट फायदा जितका मोठा तितके अवलंबित्व खोल. जावा निकामी असती तर तिच्या परवान्याने कुणाची झोप उडाली नसती.

भावाची लढाई आंध्र प्रदेशाने सुरू केली. २००५ च्या सुमारास ४५० ग्रॅमच्या पाकिटामागे नुसत्या जनुकाचे शुल्क साडेबाराशे रुपये पडत होते. आंध्र सरकार २००६ च्या जानेवारीत मक्तेदारी आयोगाकडे गेले. मे महिन्यात आयोगाने शुल्क वाजवी करण्याचा आदेश दिला, आणि आंध्रने संपूर्ण पाकिटाचाच भाव साडेसातशेवर बांधला. महाराष्ट्रासह इतर राज्ये त्याच वाटेने गेली. मग डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने कापूस बियाणे किंमत नियंत्रण आदेश काढला. मार्च २०१६ मध्ये बोलगार्ड-२ चे पाकीट ८०० रुपये आणि त्यातले जनुकाचे शुल्क १६३ वरून ४९ वर आले. २०१८ मध्ये ते ३९ झाले, २०१९ मध्ये २०, आणि २०२० मध्ये शून्य. दरम्यान हैदराबादच्या नुझिवीडू सीड्सने शुल्क रोखले, मोन्सॅन्टोने नोव्हेंबर २०१५ मध्ये तिचा परवाना रद्द केला आणि तंटा दिल्ली उच्च न्यायालयात गेला. तिथल्या खंडपीठाने एप्रिल २०१८ मध्ये पेटंटच अवैध ठरवले. ८ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला सारून प्रकरण पुन्हा सुनावणीला धाडले. त्याच वर्षी नोव्हेंबरात पेटंटाची मुदत संपली, आणि २०२१ मध्ये बायरने, जिने मधल्या काळात मोन्सॅन्टो विकत घेतली होती, नुझिवीडूशी समझोता केला. जनुक झाडाचा भाग झाले की त्यावर पेटंट चालते का, की मालकाने २००१ च्या वाण संरक्षण कायद्याखाली फक्त लाभाचा वाटा मागावा, हा खरा कायद्याचा प्रश्न शेवटी अनुत्तरितच राहिला.

या सगळ्या रणधुमाळीत एकदाच कुणीतरी परवान्याच्या रचनेला हात घातला. मे २०१६ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने अधिसूचना काढली: मागेल त्या बियाणे कंपनीला ठरावीक मुदतीत परवाना द्यावा लागेल, शुल्क सुरुवातीला पाकिटाच्या कमाल भावाच्या दहा टक्क्यांपर्यंत आणि पुढे दरवर्षी उतरते. उद्योगातून ओरड होताच आठवड्याभरात ती मागे घेऊन तिचा मसुदा करण्यात आला, आणि मसुद्याचे पुढे काही झाले नाही. त्याच वर्षी महिकोने तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या पिढीच्या बोलगार्डचा अर्ज समितीकडून परत घेतला. मालकाने नवी आवृत्ती द्यायचे थांबवले, आणि देशात जुनी आवृत्ती चालू राहिली, भाव उतरत.

दुसरी शाखा काढण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २००६ मध्येच जेके अॅग्रीने आयआयटी खरगपूरचे जनुक आणि औरंगाबादच्या नाथ सीड्सने चिनी जनुक बाजारात आणले. बोलगार्ड-२ पुढे ती टिकली नाहीत. सर्वांत आशेचा प्रयत्न सरकारी होता. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचे कृषी विद्यापीठ यांनी मिळून आणलेला ‘बीएन बीटी’ हा सरळ वाण होता. शेतकरी त्याचे बी घरी ठेवू शकत होता. २००८ मध्ये त्याला मान्यता मिळाली, बियाणे विकले गेले, आणि थोड्याच काळात ते मागे घ्यावे लागले. चौकशीसाठी नेमलेल्या सोपोरी समितीने २०१२ मध्ये सांगितले की त्या बियाण्यात मोन्सॅन्टोच्या जनुकाची भेसळ आहे. ज्याला पर्याय म्हणून निघालो, त्याचाच माल आपल्या पोतडीत निघाला. खुल्या प्रकल्पात कुणी मालकीच्या कोडचा तुकडा ढकलला तर सारा प्रकल्प गोत्यात येतो, म्हणून तिथे प्रत्येक ओळ कुणी आणली याची नोंद ठेवतात. आपल्या सर्वोच्च संशोधन संस्थांत ती शिस्त नव्हती, आणि त्याची किंमत पैशात मोजता येण्याजोगी नाही. पेटंट नसलेले पहिले जनुक सरळ वाणांत घालून विद्यापीठांनी ते बाहेर काढायला २०१६-१७ चा सुमार उजाडला. परभणीच्या विद्यापीठाचा, नांदेड केंद्रातून निघालेला एनएचएच-४४ तर महाबीज या सरकारी बियाणे महामंडळाशी करार करून बोलगार्ड-२ सह परत आणावा लागला, तोवर त्याची गादी दुसऱ्यांनी बळकावली होती.

आणि तोवर अळीही बदलली होती. पहिल्या जनुकाला गुजरातेत गुलाबी बोंडअळी दाद देत नाही, हे मोन्सॅन्टोने २०१० मध्ये स्वतःच जाहीर केले. पाच वर्षांत दुसऱ्या जनुकाचेही तेच झाले, आणि २०१७ च्या हंगामात मराठवाडा-विदर्भातल्या कपाशीचे बोंड न्‌ बोंड किडके निघाले. यात एकट्या कंपनीला दोष देणे सोपे आहे आणि चूकही. बीटीच्या भोवती बिगर-बीटीच्या ओळी लावण्यासाठी १२० ग्रॅमचे वेगळे पाकीट मिळायचे. ते बहुतेक ठिकाणी बांधावर पडले. फरदडीचा कापूस फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभा राहिला आणि अळीला वर्षभर घर मिळाले. मोठ्या मुदतीचे संकर हा त्यातला आणखी एक हातभार. पण या सगळ्यावर लक्ष ठेवण्याचे काम कुणाचे होते? ऑस्ट्रेलियाने एका जनुकाच्या बीटीला २००४ पर्यंत क्षेत्राच्या तीस टक्क्यांची मर्यादा घातली होती. अमेरिकेने बीटीबरोबर नपुंसक पतंग सोडण्याची मोहीम वर्षानुवर्षे राबवून २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन जाहीर केले. त्या मोहिमेत कापूस उत्पादकांचा पैसा होता, सरकारचा होता आणि मनुष्यबळ दोघांचे. भारतात परवान्याच्या करारात देखभाल हे कलम शुल्काशी बांधलेले नव्हते आणि किंमत आदेशात देखभालीचा उल्लेख करण्याची गरज कुणाला भासली नाही. शुल्क ४९ झाले, ३९ झाले, शून्य झाले. या कपातीतला एकही रुपया अळीच्या प्रतिकारशक्तीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेकडे वळवला गेला नाही. २०२० मध्ये पेटंट संपलेले, शुल्क शून्य आणि थर कुचकामी, अशा अवस्थेत बोलगार्ड-२ अखेर मोकळे झाले.

नवी आवृत्ती बंद झाली की चोरवाट उघडते. परत घेतलेल्या अर्जातला तणनाशक सहन करणारा गुणधर्म शेतकऱ्यांपर्यंत पोचलाच, ‘चोर बीटी’ या नावाने, बिनबिलाच्या पाकिटांत. शेतकरी संघटनेने जून २०१९ मध्ये अकोल्यातल्या अकोली जहांगीर इथे ते उघडपणे पेरून सत्याग्रह केला आणि गुन्हे अंगावर घेतले. तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य ही त्यांची मागणी मला तत्त्वतः पटते. पण पाकिटात काय आहे हे न सांगणारा आणि उगवले नाही तर ओळख न देणारा विक्रेता हा स्वातंत्र्याचा वाहक होऊ शकत नाही. त्या बियाण्याला ना मालक आहे ना पालक.

दुसरा आक्षेप असा येईल की बियाणे म्हणजे सॉफ्टवेअर नव्हे. कोडची प्रत झिजत नाही, संकराची झिजते. कोडमागे अळी लागत नाही. फरक आहेच, पण तो माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही. ज्या गोष्टीच्या मागे जिवंत शत्रू लागलेला असतो तिला दुरुस्तीची गरज अधिक, आणि दुरुस्तीचा हक्क कुणाकडे हा प्रश्न तिथे अधिक जिवाचा. तिसरा आक्षेप उद्योगाचा: शुल्क बुडवले तर संशोधनाला पैसा कोण देणार? बदनापूरजवळच्या दावलवाडीतल्या महिकोच्या संशोधन केंद्रासारखी ठिकाणे हवेवर चालत नाहीत, हे खरेच. शुल्क शून्य करणे हे धोरण म्हणून मला आळशी वाटते. २०१६ च्या फसलेल्या मसुद्यातली उतरत्या शुल्काची कल्पना त्याहून शहाणी होती. पण बाजरीचा दाखला उद्योगाने विसरू नये. सर्वाधिक दुरुस्त्या झाल्या त्या मोकळ्या थरावर झाल्या, आणि त्या थरावर खाजगी कंपन्याही नफ्यात चालल्या.

परवाना वेगळ्या रीतीने लिहिता येतो याचा पुरावा जालन्यातच आहे. महिकोने बोलगार्डमधलेच क्राय१एसी जनुक वांग्यात घालून ईई-१ हे वांगे तयार केले आणि सार्वजनिक संस्थांना ते रॉयल्टी न घेता दिले, कोइमतूर आणि धारवाडच्या विद्यापीठांना आणि बांगलादेशाच्या कृषी संशोधन संस्थेला. अट एवढीच की ते सरळ वाणांत जावे. भारतात तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्याला स्थगिती दिली. बांगलादेशाने २०१३ मध्ये मान्यता दिली, जानेवारी २०१४ मध्ये वीस शेतकऱ्यांपासून लागवड सुरू केली आणि २०१८ पर्यंत ती सत्तावीस हजारांवर शेतकऱ्यांपर्यंत गेली. बी धरून ठेवण्याची शेतकऱ्याला मुभा आहे, आणि वाण राखण्याची जबाबदारी गाझीपूरच्या सरकारी संस्थेवर. उलट दिशेचा करारही जालन्यातच झाला आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जैवतंत्रज्ञान संस्थेच्या ‘इव्हेंट १४२’ या जनुकबदलाचा परवाना बेजो शीतलने घेतला, आणि २०२० मध्ये त्यावरच्या ‘जनक’ आणि ‘बीएसएस-७९३’ या वांग्यांना आठ राज्यांत चाचण्यांची परवानगी मिळाली. मात्र अशा चाचण्यांना प्रत्येक राज्याची ना-हरकत लागते. या वेळी जनुक जनतेच्या पैशाचे आहे, म्हणून मागण्याचा हक्कही जनतेचा आहे. महाराष्ट्रासारख्या राज्याने ना-हरकत देताना भावाची घासाघीस करत बसू नये. पालक वाणांचे नमुने आणि जैवसुरक्षेची पूर्ण फाइल परभणीच्या विद्यापीठात जमा करून घ्यावी, शेंडा-फळ पोखरणाऱ्या अळीच्या प्रतिकाराची दरवर्षी तपासणी कोण करणार त्या संस्थेचे नाव करारात लिहून घ्यावे, आणि विक्रीतला ठरलेला वाटा त्या तपासणीच्या खात्यात पहिल्या पाकिटापासून जमा व्हावा.